पंपावर सेन्सर बसवण्याआधी मेडिकलची बिलं मोजा

पिंपरीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा १२ वर्षांचा, दमा आहे. रोजचा पंप सकाळी २ पफ, रात्री २ पफ. धाप लागली की निळा पंप. डोस चुकतात. गेल्या वर्षी एकदा अ‍ॅडमिट करावं लागलं, दोनदा रात्री धावतपळत जाऊन नेब्युलायझर द्यावा लागला. पंपावर बसणारा, प्रत्येक डोसची नोंद मोबाइलवर पाठवणारा सेन्सर ९,००० रुपयांना मिळतोय आणि अ‍ॅपचे दुसऱ्या वर्षापासून २,४०० रुपये. ईएमआयवर घ्यावा का? सोबत वर्षभराची बिलं जोडली आहेत.

ताई, आत्ता घेऊ नका. दोन महिने थांबा.

सेन्सर जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं तुमच्या बिलांनी आधीच सांगितलंय. रोज ४ पफ म्हणजे १२० पफचा पंप बरोबर ३० दिवसांत संपायला हवा, वर्षाला १२. बिलांत आहेत ७. म्हणजे ५८ टक्के औषध घेतलं गेलं, तेही दाबलेला प्रत्येक पफ छातीत पोचला असं धरून. निळे पंप मात्र ४, प्रत्येकी २०० पफचे. एखादा दप्तरात पडून असेल, तरी दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेनुसार वर्षाला ३ किंवा जास्त निळे पंप लागणं हा झटक्याचा धोका वाढल्याचा इशारा आहे. ही बिलं आधी डॉक्टरांपुढे ठेवा.

२०१५ साली न्यूझीलंडमधल्या २२० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या पंपाला नोंद ठेवणारं यंत्र होतं, पण निम्म्या मुलांचंच आठवणीसाठी वाजायचं. वाजणाऱ्या गटात ८४ टक्के डोस घेतले गेले, मुक्या यंत्राच्या गटात ३० टक्के. नुसत्या नोंदीने मुलं औषध घेत नाहीत. (शाळेच्या गैरहजेरीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, हेही ध्यानात ठेवा.) तुम्हाला पैसे मोजायचे असतील तर आठवणीसाठी मोजा, आलेखासाठी नको.

आता हिशेब. तीन वर्षांत सेन्सरचे १३,८०० रुपये, म्हणजे वर्षाला ४,६००. गेल्या वर्षी अ‍ॅडमिट केल्याच्या ३८,००० च्या बिलातले विम्याने ३१,००० दिले, ७,००० तुमच्या खिशातून गेले. २४ तास भरती नसल्याने नेब्युलायझेशनचे दोन वेळचे ३,६०० ही तुमचेच. एकूण १०,६००. सेन्सर परवडायचा तर यातला ४३ टक्के खर्च दरवर्षी वाचला पाहिजे. अशक्य नाही, पण खात्रीही नाही. डोस नियमित झाले की वर्षाला ५ पंप जास्त लागतील, ४२० च्या दराने २,१०० रुपये. तो खर्च सेन्सर घ्या अथवा नका घेऊ, होणारच. महिन्याला १७५ रुपये आजच बाजूला काढा. जुनी करपद्धत असली तरी विमा हप्त्याच्या वजावटीत हे उपकरण बसत नाही, आणि बहुतेक पॉलिसी ओपीडीचा खर्च देत नाहीत.

या दोन महिन्यांत करायचं ते एवढंच. पंप टूथब्रशच्या शेजारी ठेवा. फोनवर सकाळ-रात्रीचा गजर लावा. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची पोकळ नळी) नसेल तर घ्या, काही शेकड्यांत येतो. धुतल्यावर कापडाने पुसू नका, घर्षणाने स्थिरविद्युत तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. एका वेळी एकच पफ, हळू श्वास, १० सेकंद रोखून. दुसऱ्या पफआधी पंप पुन्हा हलवायचा. शेवटी चूळ. दर रविवारी पंपामागचा आकडा वहीत लिहा, तो २८ ने उतरला पाहिजे. एकदम ४०-५० ने उतरला तर चिरंजीव हवेत दाबतायत. साधा सेन्सर असे पफही घेतले म्हणूनच मोजतो.

आठ आठवड्यांत २२४ पफ व्हायला हवेत. १८० च्या वर गेलात आणि तरीही रात्री खोकला असेल, तर सेन्सरचं काम नाही. पंप घेण्याची पद्धत आणि औषध डॉक्टरांकडून तपासून घ्या. १८० च्या खाली राहिलात तर खुशाल घ्या, पण रोख, आणि रोजच्या पंपासाठीच.

विकत घेताना तुमचा पंप सोबत न्या आणि बसवून बघा; आकार जुळला नाही तर पैसे पाण्यात. डॉक्टर रोटाहेलरवर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचं साधन) नेणार असतील तर हा सेन्सर निरुपयोगी ठरेल, ते आधी विचारा. डोस चुकला तर तो वाजतो का, बॅटरी बदलता येते का, वर्गणी थांबवली तर काय चालू राहतं, नोंदी पीडीएफमध्ये काढता येतात का, हे लेखी घ्या. अमेरिकेत तेवा कंपनीने आपले डिजिहेलर, म्हणजे आतच सेन्सर असलेले पंप, २०२४ मध्ये बाजारातून काढून घेतले. त्यामुळे तीन वर्षांची वर्गणी एकदम भरल्यास सूट देतो म्हणाले, तरी एकाच वर्षाची भरा.