मोटर थांबताच पोकलेनचा हात खाली का येतो?

प्रश्न : लेगो टेक्निक या यांत्रिक खेळण्याच्या सुट्या भागांतून मी स्वतःच्या आराखड्यानुसार मोटरवर चालणारा पोकलेन बनवला आहे, परंतु मोटर थांबताच बकेटच्या वजनाने त्याचा हात खाली घसरतो. अधिक ताकदीची मोटर बसवावी का?

उत्तर : मोटर बदलण्याची घाई करू नये, दोष बहुधा गिअरच्या जोडणीत असावा. ८ दात्यांच्या गिअरने २४ दात्यांचा गिअर फिरवला, तर वेग एक-तृतीयांश होतो आणि घर्षणातील घट सोडल्यास पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ) तिप्पट होतो, परंतु ही जोडणी उलटही फिरू शकत असल्यामुळे हाताचे वजनच तिला मागे ढकलते. त्याऐवजी वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, वापरावा. त्याच्या एका फेऱ्यात २४ दात्यांचा गिअर जेमतेम एक दाता सरकतो आणि तो गिअर वर्मला उलट फिरवू शकत नाही, म्हणून हात आहे तेथेच थांबतो. हालचाल अर्थातच संथ होईल; खऱ्या पोकलेनच्या हातालाही कुठे घाई असते! जागा असल्यास २००८ पासून संचांत येऊ लागलेला लिनिअर अ‍ॅक्च्युएटर (मोटरच्या फिरण्याने दांडा सरळ रेषेत पुढे-मागे सरकवणारा भाग) अधिक सोयीचा, कारण त्याच्या आतील स्क्रू भार पेलतो आणि दांडा टोकाला पोहोचल्यावर क्लच घसरून मोटरवरील ताण टळतो.