लक्ष्मी रस्त्यावरची उलटी मिरवणूक

खराखुरा घडलेला, पण चित्रपटात शोभावा असा आयुष्यातला जादुई प्रसंग कोणता, असे आपण विचारले आहे. अशा प्रश्नाला पाऊस, गडावरचे धुके किंवा कुणाची तरी पहिली भेट आठवणे साहजिक आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाकडे अशा आठवणींचा तुटवडा नसतो. तरीही माझे उत्तर एका बंद खोलीतले आहे. अंधार, समोर पांढरी भिंत आणि पाठीमागून येणारा प्रकाश, अशी चित्रपटाला लागणारी बहुतेक सामग्री त्या खोलीत आपोआप जमून आली होती. यंत्र मात्र नव्हते, आणि तिकीट होते ते मोठे विचित्र होते.

आमचा वाडा लक्ष्मी रस्त्यावर, कुंटे चौकाच्या अलीकडे, रस्त्याच्या दक्षिण अंगाला होता. लक्ष्मी रस्त्यावर खिडकी असणे म्हणजे काय, हे पुण्याबाहेरच्या माणसाला सांगावे लागेल. अनंत चतुर्दशीला मंडईपासून निघालेली विसर्जनाची मिरवणूक बेलबाग चौकातून याच रस्त्याला लागते आणि अलका टॉकीजच्या चौकापर्यंत जाते. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच गणपती याच क्रमाने दारावरून जातात. त्यामुळे वर्षभर ज्यांचे पोस्टकार्डही येत नसे, अशा नातेवाइकांना त्या दिवशी आमची आठवण होई. सज्जात उभे राहायला जागा उरत नसे, जिन्यात चपलांचा ढीग पडे आणि आईचा दिवस चहाच्या आधणावर नजर ठेवण्यात जाई.

मी तिसरी-चौथीत असताना नेमका त्याच आठवड्यात मला गोवर आला. गोवरात डोळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून तेव्हा अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची पद्धत होती. पहिल्या मजल्यावरच्या रस्त्याकडच्या लहान खोलीत माझे अंथरूण घातले होते, उशाशी कडुनिंबाचा पाला होता आणि खिडकीची जाड लाकडी दारे कोयंडा घालून बंद केलेली होती. ताप उतरला होता, पण उजेडात जाण्याची परवानगी नव्हती. बाहेर ढोल-ताशे वाजत असताना भिंतीकडे तोंड करून पडून राहणे हा त्या वयात केवढा अन्याय वाटतो, हे वेगळे सांगायला नको.

खिडकीच्या एका दारातली लाकडाची गाठ निखळून पडलेली होती आणि तिथे करंगळी जाईल एवढे भोक होते. त्यातून येणारा उजेड मी रोजच पाहत होतो, परंतु बाहेर ढगाळ असल्यामुळे भिंतीवर राखाडी धूसरपणापलीकडे काही उमटत नव्हते. त्या दिवशी दुपारी ऊन पडले आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हळूहळू रंग भरू लागले. आधी एक पिवळसर पट्टा दिसला, मग त्यात चौकटी दिसल्या, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की ते समोरचे घर आहे, त्याच्या गॅलरीला लावलेल्या झेंडूच्या माळांसह, पण संपूर्ण उलटे. आकाश खाली जमिनीलगत होते, रस्ता वर होता आणि त्या रस्त्यावरची माणसे छताला पाय लावून चालत होती.

दुकानाच्या पाटीवरची अक्षरे पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी दिसत होती, म्हणजे डावे-उजवे जिथल्या तिथे आणि फक्त खालचे वर. गंमत अशी की, बाहेरची मिरवणूक अलका टॉकीजकडे चालली होती आणि भिंतीवरची तिच्या विरुद्ध, मंडईकडे परत निघाली होती. कसब्याच्या गणपतीची पालखी आली तेव्हा ती खांद्यांवरून टांगल्यासारखी खाली लोंबत होती. आवाज पाठीमागच्या खिडकीतून येत होता आणि चित्र समोर होते. ढोलावर टिपरू पडलेले दिसायचे आणि त्याच क्षणी तो ठोका बरगड्यांत जाणवायचा.

सर्वांत विलक्षण होता तो गुलाल. गुरुजी तालमीच्या गणपतीपुढे गुलालाची उधळण फार मोठी असते. बाहेर लोक ओंजळीने गुलाल वर फेकत होते, भिंतीवर मात्र तो झपकन खाली जमिनीकडे जाई, तिथे क्षणभर गुलाबी ढग होऊन थबके आणि मग संथपणे छताकडे चढत राही. पुढे मी पुष्कळ चित्रपट पाहिले, त्यांतले काही फार थोर होते. पण वर चढत जाणारा तो गुलाल मला कुठल्याही पडद्यावर पुन्हा दिसला नाही. मध्येच एखादा ढग सूर्यावर आला की सगळे चित्र विझून जाई, नुसता ढोलांचा आवाज उरे आणि मी श्वास रोखून ऊन येण्याची वाट पाही.

मी आजीला हाक मारली. तिला आधी वाटले की पोराचा ताप डोक्यात गेला. ती आत आली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, "अरे, कुठे काय आहे? मला तर काही दिसत नाही." उजेडातून आलेल्या माणसाचे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. ती माझ्या अंथरुणावर टेकली आणि काही मिनिटांनी एकदम म्हणाली, "अगंबाई!" तेवढ्यात तुळशीबागेचा गणपती आला. ती मूर्ती भव्य, त्यामुळे मुकुट पार खाली, फडताळाच्या दारापर्यंत आला होता. आजीने दोन्ही हात जोडले आणि मग जरा विचारात पडून मला विचारले, "नमस्कार वर करू की खाली?" मी सांगितले की पाय छताजवळ आहेत. तिने तिकडे पाहून पुन्हा हात जोडले.

बातमी सज्जात पोहोचायला वेळ लागला नाही. पण गोवर सांसर्गिक असल्यामुळे आईने दारातच नियम घातला: ज्यांना गोवर येऊन गेला आहे, त्यांनाच आत सोडायचे. म्हणजे वर्षानुवर्षे सज्जातली पुढची जागा अडवणाऱ्या एका आतेभावाला बाहेर राहावे लागले आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, केवळ आदल्या वर्षी अंगभर पुरळ उठले होते या पुण्याईवर, प्रवेश मिळाला. दुपार कलेपर्यंत खोलीत दाटीवाटीने माणसे बसली होती, आणि खाली रस्त्यावर खरी मिरवणूक चाललेली असताना ती सगळी खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे पाहत होती. त्यावर आजोबांचा शेरा असा होता की, पुणेकराला फुकट मिळालेली सरळ वस्तू नको असते. ते स्वतः मात्र केसरीवाड्याचा गणपती जाईपर्यंत उठले नाहीत.

यामागचे कारण पुढे शाळेत, सूचिछिद्र प्रतिमाग्राहकाच्या, म्हणजे पिनहोल कॅमेऱ्याच्या, धड्यात कळले. प्रकाश सरळ रेषेत जातो. वरून येणारा किरण लहान छिद्रातून खाली जातो आणि खालून येणारा वर, म्हणून चित्र उलटे पडते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या विद्वानाने अशा छिद्रांतून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता, आणि १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये नीएप्स या संशोधकाने अंधाऱ्या पेटीत पडणारे असेच खिडकीबाहेरचे दृश्य धातूच्या पत्र्यावर टिकवून दाखवले. आमच्या खोलीला आणखी एक योग लाभला होता. खिडकी उत्तरेकडे असल्याने थेट ऊन आत येत नसे, तर समोरच्या घरांची तोंडे दक्षिणेला असल्याने त्यांच्यावर मात्र भरपूर ऊन पडे. समोर उजेड आणि आत काळोख असल्याशिवाय हा खेळ रंगत नाही. कारण समजल्यावर जादू ओसरते असे पुष्कळांचे मत असते. मला तसा अनुभव नाही. उलट २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळी, दिवाळीतच सूर्यग्रहण आले होते तेव्हा, झाडाखाली पडलेले उन्हाचे सगळे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे झालेले पाहून मी एकटाच रस्त्यात मोठ्याने हसलो, कारण पानांमधल्या प्रत्येक फटीत मला आमच्या खिडकीतले ते भोक दिसत होते.

वाडा आता राहिलेला नाही. त्या जागी दुकानांची इमारत आहे. परंतु हा प्रयोग कुणालाही घरी करता येतो आणि मी कोथरूडच्या सदनिकेत तो नातीसाठी केलाही. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी आणि खाली लोंबणारा एक माणूस तिने बराच वेळ पाहिला आणि मग याची वायर कुठे आहे, असे विचारले. आपल्याला करून पाहायचे असेल तर जिच्यासमोर उन्हात न्हालेली इमारत किंवा झाडे असतील अशी खिडकी निवडावी, काचांवर काळा कागद किंवा जाड पुठ्ठा लावून फटी चिकटपट्टीने बुजवाव्यात आणि मध्यभागी सुमारे एक सेंटिमीटरचे भोक पाडावे. भोक लहान केले तर चित्र रेखीव पण अंधुक होते, मोठे केले तर उजळ पण पुसट. त्या भोकाला डोळा लावून सूर्याकडे मात्र मुलांना कदापि पाहू देऊ नये. समोरची भिंत रंगीत असेल तर पांढरी चादर टांगावी, आणि दार लावल्यावर निदान पाच मिनिटे कुणी मोबाइल उघडणार नाही, एवढे आधीच कबूल करून घ्यावे.