कोच बदलल्यावर: सही करून बसलेल्या मुलाला पत्र

बाळा,

अनेक आशीर्वाद. बातमी कळली. ज्यांच्या शब्दावर तू नोव्हेंबरमध्ये कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी सही केलीस, ते हेड कोच मोठ्या कॉन्फरन्समधल्या (म्हणजे वरच्या गटात खेळणाऱ्या) कॉलेजात गेले आणि तुझ्या कॉलेजने आठवड्याच्या आत नवा माणूस आणला. तुझ्या आईचा फोन आला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "भावजी, स्कॉलरशिप गेली का हो?" म्हणून आधी तेच सांगतो. गेली नाही.

तुझा करार कॉलेजशी आहे. इथे अमेरिकेत १९६४ पासून चालत आलेले नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे खेळाडूला एका कॉलेजशी बांधणारे पत्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. आता आर्थिक मदतीच्या करारावरच सही घेतात, आणि कोच गेला म्हणून तो करार मोडत नाही. ज्या मुदतीसाठी मदत लिहून दिली आहे, त्या मुदतीत तू कसा खेळतोस यावरून ती कुणाला काढून घेता येत नाही. मुदत किती वर्षांची आहे ते मात्र आज रात्रीच कागद काढून बघ. पुष्कळदा ती एकाच वर्षाची असते आणि घरच्यांना ते वर्षअखेरीस कळते.

पैसे शाबूत असले तरी खेळायची जागा शाबूत आहे असे समजू नकोस. माझी खरी काळजी तिथे आहे.

नवा कोच या घडीला काय करतोय ते समजून घे. त्याच्या हातात टीमच नाही. जुने खेळाडू एकेक करून पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव घालताहेत. २०१८ मध्ये पोर्टल सुरू झाले तेव्हा कॉलेज बदलणाऱ्याला सहसा एक वर्ष बाहेर बसावे लागायचे. २०२१ मध्ये एका बदलीपुरती ती अट गेली, आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदला, लगेच खेळता येते. जुलै २०२५ पासून कॉलेजे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. त्यामुळे नोकरी मिळाल्याच्या दिवसापासून नवा कोच बावीस-तेवीस वर्षांच्या, अंगाने भरलेल्या, शंभर-शंभर कॉलेज सामने खेळलेल्या मुलांना फोन करत असतो. तू अठरा वर्षांचा आहेस आणि तुला त्याने निवडलेले नाही. तो वाईट माणूस आहे असे मी म्हणत नाही. त्याला पहिल्याच वर्षी जिंकून दाखवायचे आहे आणि तुझे नाव त्याला आयत्या यादीत मिळाले आहे, एवढेच.

केंटकीचे उदाहरण नीट बघ. एप्रिल २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सासला गेले आणि मार्क पोप आले. पोप स्वतः केंटकीच्या १९९६ च्या विजेत्या टीमचे कॅप्टन होते, त्यामुळे गावाला आनंद झाला. पण टीम जवळजवळ पूर्ण रिकामी झाली. सही केलेल्या मुलांपैकी बूगी फ्लँड, कार्टर नॉक्स आणि बिली रिचमंड कॅलिपारींच्या मागे गेले. ट्रॅव्हिस पेरी थांबला. केंटकी राज्याच्या मुलांच्या हायस्कूल बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण करणारा मुलगा, त्याच मार्चमध्ये आपल्या शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिलेला. त्याचे मन तिथेच होते. पोपनी पोर्टलमधून सॅन डिएगो स्टेट, वेक फॉरेस्ट, ड्रेक्सेल, डेटन, ओक्लाहोमा इथून जाणते खेळाडू आणले, एक तर ते स्वतः आधी जिथे कोच होते त्या बीवाययू कॉलेजातून. पेरीच्या वाट्याला थोडी मिनिटे आली आणि वर्षभरानंतर तो ओल मिस या दुसऱ्या कॉलेजला गेला. इकडे फ्लँडही आर्कान्सासला एक वर्ष खेळून फ्लोरिडाला गेला. केंटकी आणि आर्कान्सास या दोन्ही टीम २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचल्या. मग थांबलेला चुकला की गेलेला? मला तर कुणीच चुकलेला दिसत नाही. फक्त कोचच्या पहिल्या वर्षात नवख्या मुलाचे काय होते, ते दोघांकडे बघून कळते.

जुने कोच तुला मेसेज करून "तुझा विचार आहेच" म्हणाले, असे तुझ्या बाबांनी सांगितले. बाळा, त्यावर घर बांधू नकोस. डस्टी मे मार्च २०२४ मध्ये फ्लोरिडा अटलांटिकहून मिशिगनला गेले. आदल्या मोसमात ८ विजय आणि २४ पराभव, अशी मिशिगनची टीम होती. त्यांनी जुन्या कॉलेजातून सोबत नेला तो व्लादिस्लाव गोल्डिन, सात फुटांहून उंच आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पुढच्याच वर्षी त्यांनी बिग टेन या मोठ्या कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. वर गेलेला कोच वरच्या पातळीचेच खेळाडू शोधतो. तुझा शॉट सुंदर आहे, पण सहा फूट दोन इंचांच्या गार्डला त्या पातळीवर कुणाला अडवावे लागेल, हे तुलाही ठाऊक आहे. तुझ्यावर माया आहे म्हणून स्पष्ट लिहितो.

आता नव्या कोचशी बोलणे. फोनची वाट बघू नकोस, तूच वेळ माग. कॉलवर आई-बाबा असू देत, पण बोलणे तुझे हवे. बाबा रागावलेले आहेत आणि त्यांचा राग रास्त आहे, तरी तो त्या कॉलवर नको. "मी तुमच्या प्लॅनमध्ये आहे का?" असे विचारशील तर "अर्थातच" असे उत्तर येईल आणि त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा विचार, माझे कोणते सामने पाहिलेत? त्यांनी काही पाहिले असेल तर ते एखादा तपशील सांगतील: डाव्या हाताने जाताना तू चेंडू लवकर सोडतोस, किंवा झोनविरुद्ध तू कोपऱ्यात उभा राहतोस. तपशील आला नाही तर आठ दिवसांची वेळ दे आणि पुन्हा विचार. पोर्टलमधून अजून किती गार्ड आणणार, मला पहिले वर्ष रेडशर्ट करायचा, म्हणजे सामने न खेळवता फक्त सरावाला ठेवायचा, विचार आहे का, हेही विचार. आणि शेवटी आदराने एवढे म्हण: "सर, मी तुम्हाला नको असेन तर आत्ता सांगा, मला वाईट वाटणार नाही." वाईट वाटेल. तरी म्हण. एप्रिलमध्ये ऐकलेल्या नकारावर मार्ग निघतो, ऑगस्टपर्यंत बाकीच्या टीम भरून गेलेल्या असतात.

कॉलच्या आधी त्यांच्या मागच्या कॉलेजचे तीन-चार मोसम उघडून बस. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांनी किती मिनिटे दिली, ती मुले दुसऱ्या वर्षी तिथेच होती की गेली, हे सगळे बॉक्स स्कोअरमध्ये दिसते. मला विचारशील तर कोचच्या बोलण्याहून या आकड्यांवर माझा जास्त विश्वास आहे.

तुझ्या घरी येऊन थालीपीठ खाऊन गेलेले असिस्टंट कोच राहताहेत का, तेही बघ. हेड कोच बदलला की सहसा सगळा स्टाफ बदलतो, पण कधी एखाद्याला ठेवून घेतात. ते राहिले तर कोचांच्या बैठकीत तुझी बाजू मांडणारे कुणीतरी असेल. त्याचे मोल फार आहे.

एक काम अजिबात करायचे नाही. दुसऱ्या कॉलेजांची चाचपणी, तुझ्या एएयू (शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या) कोचमार्फतसुद्धा. सही केल्यावर इतरांना तुझ्याशी रिक्रूटिंगचे बोलता येत नाही. बाहेर पडायचे ठरलेच, तर आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीला) लेखी विचार की कोच बदलल्यामुळे मला कोणते दिवस मिळतात आणि कागद कोणते लागतात. या मुदती दरवर्षी बदलतात. मित्रांनी सांगितलेल्या तारखांवर जाऊ नकोस.

आणि बास्केटबॉल बाजूला ठेवून एकदा त्या कॅम्पसचा विचार कर. मेकॅनिकल इंजिनिअरिंगसाठी तू ते कॉलेज निवडलेस, लॅब बघून आल्यावर फोनवर अर्धा तास त्याच्याबद्दलच बोलत होतास. तो विभाग तसाच आहे. घरापासून गाडीने अडीच तास, तेही तसेच. हे नवे कोचही तीन वर्षांत जाऊ शकतात. तेव्हाही तुला तिथे राहावेसे वाटेल का, याचे उत्तर "हो" असेल तर पहिल्या वर्षी बेंचवर बसावे लागले तरी थांब, असे माझे मत आहे. "नाही" असेल, तर चांगल्या डिव्हिजन टू आणि थ्रीच्या, म्हणजे खालच्या दोन पातळ्यांवरच्या, टीमही आहेत. थ्रीमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, पण गरजेनुसार आणि गुणांवर मदत मिळते, आणि तिथे तू पहिल्या दिवसापासून खेळशील. त्यात कमीपणा मानणाऱ्यांचे ऐकू नकोस.

करारपत्राचे फोटो काढून मला पाठव. कॉलवर विचारायचे प्रश्न स्वतःच्या शब्दांत लिहून काढ, शनिवारी सकाळी जिममध्ये भेटू तेव्हा मी कोच होतो आणि तू विचार. सराव एकदा मोठ्याने झाला पाहिजे.

तुझा
काका