तारीख विचारणाऱ्यांना काय सांगायचं?

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिबिराच्या शेवटच्या रात्री एकेक जण उठून साक्ष देत होता. कुणी आपलं तारण झाल्याची तारीख सांगितली, कुणी तर किती वाजले होते तेही सांगितलं. तुझी पाळी आली तेव्हा तू पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर सटकलीस. 'मावशी, माझं तारण, ही पापातून सुटका, कधी झाली हे मला सांगता येत नाही, म्हणजे ती झालीच नसेल का?' असं विचारलंयस. आणि त्या धास्तीने गेल्या महिन्यात प्रभुभोजनही, मंडळीतली ती भाकरी आणि द्राक्षारस, घेतलं नाहीस.

आधी माझी एक लबाडी ऐक. तुझ्याच वयाची असताना मलाही असंच उभं केलं होतं, आणि मी सरळ एक तारीख ठोकून दिली. पावसाळ्यातली संध्याकाळ, दिवे गेलेले, मी एकटीच गुडघ्यांवर... त्यातलं दिवे गेले होते एवढंच खरं. सगळे मोठ्याने 'आमेन' म्हणाले. मला मात्र रात्रभर झोप नाही. तू बाहेर गेलीस ते माझ्यापेक्षा कितीतरी बरं केलंस.

ख्रिस्ती लोकांचा छळ करत फिरणाऱ्या पौलाला तारीख होती. दिमिष्क शहराच्या वाटेवर प्रकाश, वाणी, मग तीन दिवस डोळ्यांपुढे अंधार. असं काही माणूस विसरेल कसं? पण तोच पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, लिहितो तेव्हा आठवण कशाची देतो? आधी आजी लोईस हिच्यात आणि मग आई युनीके हिच्यात राहिलेल्या विश्वासाची. बाळपणापासून तुला पवित्र शास्त्राची ओळख आहे, म्हणतो. तिथे ना वाट, ना प्रकाश. तुझी आजी तुला मांडीवर घेऊन गीतं म्हणायची, ती मी ऐकलेली आहेत. तुझं घर तीमथ्याचं. दिमिष्कावरून काही उसनं आणायला जाऊ नकोस.

आणि एका घरातसुद्धा दोन वाटा असतात. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं तसं नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या आधी दूर राहिल्या. परत आल्या तरी सोवळं सुटेना, पाणी वेगळं. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न मनात घोळवत घोळवत त्या एकेक पाऊल पुढे आल्या. मला त्या जास्त जवळच्या वाटतात, हे तुला म्हणून सांगते.

पण तारीख नाही म्हणून निर्धास्त हो, असंही मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंकडे बघ. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला 'सरस्वती' म्हटलं, तिचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. दाखला होता, तारीख होती, समज तर आपल्या दहा जणींना पुरेल एवढी. परत येऊन त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. आणि या सगळ्यात मन रितंच. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या हाती पडलं. (गंमत अशी की त्या पाळकाचं स्वतःचं मन पालटलं ते आपलाच उपदेश करता करता!) मग शास्त्र पुन्हा उघडून बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण इतकी वर्षं स्वतःला सुधारून देवापुढे नेण्याच्या खटपटीत होतो. आणि तो तर पाप्याला आहे तसाच बोलावतोय. केडगावचं मुक्ती सदन, ग्रीक आणि हिब्रू शिकून मरेपर्यंत केलेलं बायबलचं भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं.

म्हणून 'कधी' हा प्रश्न बाजूला ठेव आणि 'आज कुणाच्या भरवशावर?' असं विचार. तू लिहितेस, रोज रात्री पडल्या पडल्या तपासते, विश्वास आहे की नाही. अगं, कुंडीतलं रोप रोज उपटून मुळं बघितली तर ते जगेल का? मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव. दुष्ट आत्मा लागलेला पोरगा आगीत पडतो, पाण्यात पडतो, शिष्यांनी हात टेकलेले. बाप एका दमात दोन्ही बोलतो: विश्वास आहे, आणि माझ्या अविश्वासाचं काही तरी करा. प्रभू त्याला, जा, विश्वास वाढवून परत ये, असं म्हणाला नाही. पोराला हाताला धरून उठवलं. मी गेली चाळीस वर्षं त्या बापाचीच प्रार्थना करते आहे.

तारीख कुणी पुन्हा विचारलीच तर सांग, ज्या शुक्रवारी गुलगुथ्यावर वधस्तंभावरून प्रभू 'पूर्ण झाले आहे' म्हणाला, त्या दिवशी. चेष्टा नाही करत. मला याहून खरी तारीख माहीत नाही.

आता एक कान पिळते. जमिनीच्या वाटणीवरून तू भावाशी बोलणं टाकलंयस, ते पत्रात दोन ओळींत उरकलंस. विश्वास तपासायचाच असेल तर अंथरुणात पडून नको, तिथे तपास. चूक कुणाची ते मला ठाऊक नाही, विचारतही नाही. फोन तू कर. त्याने उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कर.

येत्या रविवारी तुमच्याकडे प्रभुभोजन आहे ना? पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन तुझ्यापाशी येतील तेव्हा मान खाली घालून मागे सरू नकोस. हात पुढे कर. आणि घरी गेल्यावर मला दोन ओळी लिही. भाऊ काय म्हणाला तेही.

तुझी,
मावशी