व्हाळ भरून वाहतो, मग वीज कमी का?

प्रश्न : आमच्या बागेच्या वरच्या अंगाला असलेल्या व्हाळावर (ओढ्यावर) तीन वर्षांपूर्वी घरापुरता जलविद्युत संच बसवला. पाणी 40 मीटर उंचीवरून खाली येते, पाइप 90 मिलिमीटर व्यासाचा व 160 मीटर लांब आहे आणि खाली एका नोझलचे (पाण्याची धार सोडणाऱ्या निमुळत्या तोटीचे) पेल्टन चक्र, म्हणजे कडेच्या वाट्यांवर धार आदळून फिरणारे चक्र आहे. पूर्वी सेकंदाला सुमारे 5 लिटर पाणी वापरून 900 वॅट मिळत. दसऱ्यानंतर जेमतेम 600 मिळतात. संच चालू असताना व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूचा दाबमापक दर चौरस सेंटिमीटरला 3.8 किलो दाखवत असे, तो आता 2.9 दाखवतो, व्हॉल्व्ह बंद केला की मात्र 4 किलो. वायरमन जनित्राचे रिवाइंडिंग (आतल्या तारेची गुंडाळी नव्याने भरणे) करायला सांगतात. करावे का?
– एक वाचक, सावंतवाडी तालुका

उत्तर : रिवाइंडिंग मुळीच करू नका. तुम्ही दाबाचे आकडे टिपून ठेवलेत, हे फार चांगले झाले, कारण दोष कुठे आहे ते त्यांतूनच कळते. चालू दाब साधारण तीन-चतुर्थांश उरला आहे. नोझलमधून जाणारे पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते आणि वीज ही दाब व पाणी यांच्या गुणाकारावर ठरते. हा हिशेब मांडला तर 900 वॅटचे 600 च होतात. म्हणजे जनित्र आणि चक्र मिळालेल्या पाण्याचे काम पूर्वीइतकेच चोख करत आहेत, आणि पाणी अडते आहे ते दाबमापकाच्या वर कुठेतरी.

व्हॉल्व्ह बंद असताना दाब पूर्ण 4 किलो भरतो, कारण वाहत नसलेल्या पाण्याला अडथळा जाणवत नाही. म्हणून संच चालू ठेवूनच वर जा आणि पाइप जिथून सुरू होतो त्या, जाळीच्या आतल्या टाकीतील पातळी पाहा. बाहेर पाणी तुडुंब आणि आत पातळी उतरलेली असेल, तर जाळी पानांनी व शेवाळाने लिंपली आहे. अशा वेळी पाइपात हवाही ओढली जाते आणि दाबमापकाचा काटा थरथरतो. आतली टाकी भरलेलीच असेल, तर अडथळा पाइपात आहे. पावसाळ्यात आलेली लाल माती आणि वाळू पाइपाच्या खोलगट भागात साचते, तर उंचवट्यावर हवा कोंडते, आणि दोन्हींमुळे पाण्याची वाट अरुंद होते. मातीसाठी सर्वांत खालचा धुण्याचा व्हॉल्व्ह उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाइप वाहू द्या. हवेसाठी उंचवट्याच्या माथ्यावर हवा सोडणारा व्हॉल्व्ह बसवा. कोणताही व्हॉल्व्ह बंद करताना सावकाश फिरवा, कारण 160 मीटर पाइपातले वाहते पाणी एकदम थांबवले तर त्या धक्क्याने सांधे निखळतात. टाकीतून निघाल्यावर लगेच पाइपाला उभी हवानळी आहे ना, हेही पाहून घ्या. ती नसेल, तर जाळी पूर्ण तुंबून पाइप रिकामा होऊ लागताच आत पोकळी निर्माण होऊन तो चपटा होऊ शकतो.

पुढे कधी वीज घटली आणि चालू दाब 3.8 पेक्षा वर गेलेला दिसला, तर नोझलमध्ये काटकी किंवा खडा अडकला आहे असे समजा. दाब 3.8 इतकाच असेल, तरच चक्राच्या झिजलेल्या वाट्या, बेअरिंग, सैल जोडण्या किंवा जळालेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) यांकडे वळा. रिवाइंडिंगचा विचार त्याही नंतरचा.