तीन पिढ्या एकाच पक्षाच्या घरात मी वेगळं मत दिलं तर ती घराण्याशी गद्दारी होते का?

नाही होत. मी पुण्यातल्या धायरीत राहतो आणि आमच्याही घरात हेच झालंय, म्हणून लिहितोय. तुमच्याकडे पक्ष फुटल्यावर वडील एका गटात, काका दुसऱ्या गटात गेले आणि दोघंही तुम्हाला आजोबांची आठवण करून देतात.

निष्ठेचा दाखला हवा तर आपल्याच जिल्ह्यातला घ्या. भोरजवळच्या कारीचे कान्होजी जेधे. देशमुखीचं वतन वाडवडिलांपासूनचं, वर सत्ता विजापूरची. १६५९ साली आदिलशाही फर्मान आलं की अफजलखानाला येऊन मिळा. पूर्वजांची चाकरीच धरायची तर खानाकडे जायला हवं होतं. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले. शहाजीराजांना इमान दिलं होतं, तेवढ्यासाठी त्यांनी वतनावर पाणी सोडलं. आज हा नुसता वाक्प्रचार वाटतो, पण पाच मुलांच्या बापानं त्यांच्यादेखत त्यांचा वारसा सोडला होता.

त्याच भागातले खंडोजी खोपडे खानाला मिळाले. जेधे-खोपड्यांचं वैर जुनंच होतं. तरीही खान पडल्यावर खंडोजींच्या जिवासाठी रदबदली केली ती कान्होजींनीच. महाराजांनी खंडोजींचा एक हात आणि एक पाय तोडला, जीव राखला. ही गोष्ट भाषणांत फारशी ऐकू येत नाही. मला तर वतनापेक्षा हीच मोठी वाटते.

२०२४च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर होत्या. आमचा खडकवासला त्याच मतदारसंघात येतो. प्रचार सुरू झाला आणि बाबा-काकांचं बोलणं थांबलं. दिवाळीत काकूनं फराळाचा डबा पाठवला, तो ओट्यावर तसाच पडून. तिसऱ्या दिवशी आईनं उघडला तेव्हा चकल्या सादळल्या होत्या. ती काही बोलली नाही, तिथंच उभी राहून एक चकली खाल्ली.

तुमच्या मनाला पटेल त्यालाच मत द्या. ते गुप्त असतं, सांगायची सक्ती नाही. पण वडिलांनी सरळ विचारलं तर खोटं बोलू नका. आणि काकांकडे जाणं सोडू नका. भाऊबीजेला मी तोच डबा घासून, त्यात आईचे लाडू भरून काकांकडे गेलो. चुलत बहिणीनं ओवाळलं. निघताना काकांनी विचारलं, "दादाचा गुडघा कसा आहे?"