कॉर्गी घ्यायचाय? आधी मोठा कॉर्गी भेटून या

या महिन्यात कॉर्गीबद्दल इतकी पत्रं आलीत की मांजरं, पोपट वगैरे सगळं पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त कॉर्गी.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची लेक सातवीत आहे, रील्स बघून बघून तिने कॉर्गीचा हट्टच धरलाय. सिंहगड रोडला २ बीएचके आहे, तिसरा मजला, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. आम्ही दोघंही नोकरीला, सासूबाई दिवसभर घरी. कुत्रा छोटा आहे म्हणजे फ्लॅटमध्ये त्रास होणार नाही असं वाटतं. घ्यावा का?

उत्तर : "छोटा आहे" इथेच थोडं थांबूया, कारण कॉर्गी उंचीने तेवढा छोटा असतो, बाकी सगळा मोठ्या कुत्र्याचाच कारभार. हा वेल्समधला गुरं हाकणारा कुत्रा आहे. गाईच्या मागच्या पायाला बारीकसा चावा घेऊन तिला पुढे ढकलायचं आणि तिने लाथ मारली की ती डोक्यावरून जाऊ द्यायची, हे त्याचं काम, आणि त्याला ते बुटके पाय तिथे कामाला यायचे. आता तुमच्या घरात गाई नाहीत पण सातवीतली मुलगी आणि तिच्या पळणाऱ्या मैत्रिणी आहेत. कॉर्गी त्यांच्याच टाचा धरणार, हे अगदी नक्की धरून चाला. ते रागाने नसतं, रक्तातच आहे ते, पण लहानपणापासून शिकवलं नाही तर सवय पक्की होते. टाच धरली की लगेच पळणं थांबवायचं, स्तब्ध उभं राहायचं, तोंडात खेळणं द्यायचं, आणि घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं. मारायचं अजिबात नाही, मारल्याने कुत्रा फक्त घाबरतो नाहीतर जास्त चिडतो. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीकडे आयुष्यभरात ३० च्या वर कॉर्गी होते ना, तरी १९९१ मध्ये त्यांचं आपापसातलं भांडण सोडवताना खुद्द तिच्याच हाताला चावा बसून टाके पडले. इतका अनुभव असलेल्या माणसाचं हे झालं.

दुसरं म्हणजे भुंकणं. आवाज मोठा, खणखणीत, आणि बेल, कुरिअर, जिन्यातली पावलं, शेजारच्यांचं भांडं पडलं, सगळ्याची वर्दी द्यायची. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की मग तर संध्याकाळभर.

पण मला खरी काळजी तुमच्या जिन्याची वाटते. लांब पाठ आणि बुटके पाय यामुळे या कुत्र्यांना मणक्यांमधली चकती सरकण्याचा धोका जास्त असतो, आणि ती सरकली तर दुखण्यापासून मागचे पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. रोज तीन-चार वेळा तीन मजले चढ-उतार हे अशा पाठीला बरं नाही. म्हणजे उचलून न्यायचा. पूर्ण वाढलेला कॉर्गी साधारण १० ते १२ किलो, दुपारी सू करायला न्यायचं तेव्हा घरी फक्त सासूबाई, त्या उचलणार का? पावसाळ्यात ओल्या जिन्यावरून? माझं स्पष्ट मत, या घरात सध्या कॉर्गी नको. लिफ्टच्या घरात राहायला गेलात, किंवा दुपारचा खात्रीचा माणूस मिळाला, तर परत विचार करा.

तोपर्यंत लेकीला घेऊन एखाद्या ओळखीच्यांकडचा मोठा कॉर्गी बघायला जा. पिल्लू नाही, तीन-चार वर्षांचा, आणि बागेत नाही तर त्यांच्या घरी, दोन तास बसा. सोफ्यावरचे केस बघा, बेल वाजल्यावर काय होतं ते ऐका, फिरायला सोबत जा. पिल्लू बघून कुणीच नाही म्हणत नाही, म्हणून मोठा बघायचा.

प्रश्न : पेम्ब्रोक आणि कार्डिगन यात नक्की फरक काय? शेपूट नसलेलाच ओरिजिनल असं एक विक्रेता म्हणाला. (बाणेर)

उत्तर : चुकीचं सांगितलंय. या दोन वेगळ्या जाती आहेत, ब्रिटनच्या केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, १९३४ मध्ये त्या वेगळ्या धरल्या. पेम्ब्रोक थोडा लहान, कान टोकदार. कार्डिगन थोडा मोठा आणि जड, कान गोलसर, शेपूट लांब आणि झुबकेदार. काही पेम्ब्रोक जन्मतःच आखूड शेपटीचे असतात पण बऱ्याच जणांची पिल्लू असताना कापलेली असते. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून नुसतं दिसण्यासाठी शेपूट कापायला बंदी आहे. शेपटीवालं पिल्लू मिळत असेल तर आनंदाने घ्या, त्यात काहीही कमी नाही.

प्रश्न : पुण्याच्या उन्हाळ्यात टिकेल का? एप्रिल आला की केस मशीनने बारीक करून टाकावे का? (वारजे)

उत्तर : मशीन अजिबात लावू नका. कॉर्गीला केसांचे दोन थर असतात, आत मऊ दाट लोकर आणि वर राठ केस, आणि वरचा थर उन्हापासून वाचवतो सुद्धा. भादरलं तर कातडी भाजते आणि केस परत धड येतीलच असं नाही. त्याऐवजी ब्रश करा, आतली सुटलेली लोकर निघून गेली की हवा लागते. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा, केस झडायच्या दिवसात रोज. केस तसे वर्षभर गळतात, काळी पॅन्ट घालून ऑफिसला जाणाऱ्यांनी हे आधीच मान्य करून टाकावं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या आसपास जातो आणि कॉर्गीचं पोट रस्त्यापासून जेमतेम वितभर वर, त्यामुळे डांबराची धग थेट लागते. सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता निवल्यावर फिरवा, आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. दुपारी फरशी, पंखा, भरपूर पाणी, फार तापलं तर एसी. तोंड उघडं टाकून जोरजोरात धापा, लाळ, झोकांड्या दिसल्या तर साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालत लगेच डॉक्टरांकडे.

पावसाळ्यात उलटं, पोट सतत चिखलात. घरी आल्यावर पोट, बगला, बोटांच्या मधली जागा कोरडी करा आणि गोचिड्या शोधा. तळजाईला, वेताळ टेकडीला गवतातून फिरून आलात तर कान आणि मान नीट चाचपा. गोचीड ताप आपल्याकडे खूप बघायला मिळतो, कुत्रा मलूल झाला, खाणं सोडलं, ताप आला तर दोन दिवस वाट बघू असं करू नका, रक्त तपासून घ्या.

प्रश्न : आई त्याला पोळी-दूध आणि आमच्या ताटातलं सगळं भरवते, नाही म्हटलं तर रागावते. (सदाशिव पेठ)

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. काकू, कॉर्गी कधीच पोट भरलं म्हणत नाही, आणि त्याचं वाढलेलं वजन थेट त्या लांब पाठीवर येतं. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं तर कंबर दिसली पाहिजे. तुम्हाला हाताने भरवायचंच असेल तर उकडलेलं गाजर, काकडी, नाहीतर त्याच्याच दिवसाच्या खाण्यातले दाणे बाजूला काढून ते भरवा. प्रसादाचा शिरा मात्र कधीच नको, त्यातले बेदाणे कुत्र्याच्या किडन्या बंद पाडू शकतात. कांदा-लसूण घातलेली भाजी, चॉकलेट, हेही नको.

प्रश्न : पिल्लू घेताना काय विचारायचं? (वाकड)

उत्तर : आईला बघायचंय म्हणा, ती जिथे राहते तिथे. दाखवत नसतील तर परत या, आगाऊ पैसे गेले तरी परत या. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा नोंदणीचा कागद आणि लसीचं कार्ड मागा. आई-बापांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे आणि डीएमची डीएनए टेस्ट झालीये का विचारा. डीएम म्हणजे मज्जारज्जूचा आजार, पेम्ब्रोकमध्ये बऱ्यापैकी आढळतो, उतारवयात मागचे पाय हळूहळू जातात आणि त्यावर इलाज नाही. "हे काय नवीन?" असं उत्तर आलं तर तुम्हाला काय ते कळलंच. घरी आणल्यावर रेबीजची लस आणि महापालिकेचं लायसन्स विसरू नका.

प्रश्न : ओळखीतलं एक कुटुंब परदेशी चाललंय, त्यांचा सहा वर्षांचा कॉर्गी आम्हाला देतायत. पिल्लू नाही म्हणून घरचे नाखूश आहेत. (कोथरूड)

उत्तर : मला तर हे फार छान वाटतंय. कॉर्गी साधारण १२-१३ वर्षं जगतो, म्हणजे पुढे बरीच वर्षं हातात आहेत, आणि स्वभाव, भुंकणं, मुलांशी कसा आहे, सगळं आज डोळ्यांनी दिसतंय. ते जाईपर्यंत अधूनमधून त्याला तुमच्याकडे राहायला आणा, त्याचं अंथरूण, भांडं, खाणं तेच ठेवा, म्हणजे एकदम उपटून आणल्यासारखं त्याला होणार नाही. उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ. त्याच्या डॉक्टरांची जुनी फाईल मागून घ्या आणि पाठीसाठी कधी औषध चालू होतं का ते त्यात आवर्जून बघा. काही सापडलं तर मला कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगते.